तिकडं चालतंय की!

संगणक सुरू केला की माझ्यापुढे आधी काळा पडदा येतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन नावं : लिनक्स आणि विंडोज. खाली सेकंदांची उलटी मोजणी. बाण खाली नेला तर एक संगणक उघडतो, नाही नेला तर दुसरा. पेटी तीच, कळफलक तोच, फक्त आत राहणारा वेगळा. याला डुअल बूट म्हणतात आणि मी ते हौसेखातर केलेलं नाही. माझे जुने लेख श्रीलिपीत टाइप केलेले आहेत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. ते उघडायचे तर जुनं विंडोज आणि त्यातले जुने प्रोग्रॅम जगवावे लागतात. पण विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालं होतं आणि विंडोज ११ च्या अटींत माझा डेस्कटॉप बसत नव्हता. मग रोजच्या कामासाठी भाच्याने त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवून दिलं.

मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत पाळीनुसार माणसं झोपत. दिवसपाळीवाला गिरणीत गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. त्यांची निदान सुट्टीच्या दिवशी तरी गाठ पडत असेल. माझ्या पेटीतल्या दोघांना सुट्टी नाही. एक जागा असतो तेव्हा दुसरा नसतोच. एकाने काय मांडून ठेवलंय, काय हलवलंय, हे दुसऱ्याला खुणांवरूनच ओळखावं लागतं. या व्यवस्थेतली खरी गंमत आणि खरी डोकेदुखी कळायला मला एक यूएसबी वायफाय अडॅप्टर आणावा लागला.

राउटर पुढच्या खोलीत, संगणक मागच्या. मधल्या भिंतीला भोक पाडायला घरातून विरोध. म्हणून राजारामपुरीतल्या एका दुकानातून अडॅप्टर घेतला. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, काळा, टोकाला मोहरीएवढा निळा दिवा. दुकानातल्या पोराने तो तिथल्याच लॅपटॉपला लावून दाखवला. “बघा काका, चालतंय की.” घरी येऊन विंडोजमध्ये लावला, चालला. लिनक्समध्ये लावला तर काहीच नाही. जाळं सापडत नाही, पासवर्ड चुकतोय, असलंही काही नाही. वायफाय नावाची गोष्ट जगात असते याचाच पत्ता नाही.

भाचा बेंगळुरूला असतो. त्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न : “मामा, तिकडं विंडोजमध्ये चालतंय ना?”

“चालतंय.”

“मग निम्मं काम झालं.”

दुकानातल्या पोराचं आणि भाच्याचं म्हणणं एकच. पण पोराने ते विषय संपवायला वापरलं होतं, भाच्याने सुरू करायला. ‘तिकडं चालतंय’ एवढं कळल्याबरोबर किती संशयित सुटतात बघा. अडॅप्टर जळलेला नाही. यूएसबीचं भोक ठीक आहे. राउटर जागा आहे, त्याचा आवाज मागच्या खोलीपर्यंत पोचतो. पासवर्ड बरोबर आहे. वीज, भिंत, अंतर सगळं तेच. बदललं आहे ते फक्त आत राहणारं माणूस. प्रयोगशाळेत याच्यासाठी केवढी तयारी करावी लागते : बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. डुअल बूटवाल्याला ही सोय फुकट मिळते. डॉक्टरला ती मिळत नाही. तोच रोगी, तीच फुफ्फुसं, फक्त हवा दुसरी असं करून बघता आलं असतं तर निदानं किती सोपी झाली असती.

बिघाड शोधायची भाच्याची रीत मला आवडली. ‘का चालत नाही’ हा प्रश्न तो विचारतच नाही. तो फार मोठा प्रश्न आहे. तो लहान लहान विचारतो. आपल्याला काहीतरी लावलंय, एवढं तरी संगणकाला कळतंय का? कळलं असेल तर ते काय आहे हे कळतंय का? ते कळलं असेल तर त्याच्याशी बोलणारं आत कुणी आहे का? बोलणं होत असेल तर हवेतली जाळी दिसतात का? दिसली तर आत घेतात का? घेतलं तर पत्ता देतात का? प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. पहिलं ‘नाही’ जिथे येईल तिथेच बसकण मारायची, पुढच्या पायरीकडे बघायचंही नाही. आपण सगळे नेमकं उलट करतो. शेवटच्या पायरीपासून सुरू करतो, पासवर्ड चार वेळा टाइप करतो, राउटर बंद-चालू करतो आणि घरातल्यांवर ओरडतो.

त्याने मला काळ्या खिडकीत एलएसयूएसबी अशी आज्ञा लिहायला सांगितली. यूएसबीला जे काही जोडलंय त्याची हजेरी लागते. माउस, कळफलक, आणि त्यांच्या खाली एक अनोळखी ओळ. प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे दोन आकडे असतात, प्रत्येकी चार अक्षरी, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा; तो यूएसबीचे नियम सांभाळणारी संस्था देते. दुसरा त्या कंपनीच्या त्या मालाचा. अडॅप्टरच्या डबीवर काहीही छापलेलं असो, संगणक या दोन आकड्यांवरूनच त्याला ओळखतो. तर त्या अनोळखी ओळीपुढे आकडे होते आणि त्याच्या पलीकडे लिहिलं होतं : सीडी-रॉम.

मी वायफाय लावलं होतं आणि संगणक सांगत होता की सीडीचा ड्राइव्ह लावलाय.

खोटं तो बोलत नव्हता. अडॅप्टरच तसं सांगत होता. असे कित्येक अडॅप्टर लावल्याबरोबर स्वतःची ओळख वायफाय म्हणून देतच नाहीत. आपण सीडी आहोत म्हणतात. त्यांच्या पोटात खरंच एक छोटी साठवण असते आणि तिच्यात विंडोजसाठीचा ड्रायव्हर असतो. विंडोजला सीडी दिसते, तिच्यातला प्रोग्रॅम चालतो, ड्रायव्हर बसतो, आणि तो ड्रायव्हर मग अडॅप्टरला सांगतो की आता सोंग पुरे. त्यासरशी सीडी गडप होते आणि वायफाय प्रकट होतं. थ्रीजीच्या काळातले डोंगल आठवत असतील तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. डोंगल लावलं की ‘माय कॉम्प्युटर’मध्ये कंपनीचा शिक्का असलेली एक सीडी उगवायची आणि पाठोपाठ मोठ्या निळ्या-लाल बटणांची खिडकी. वेगळी सीडी छापायला नको, ग्राहकाला ती शोधायला नको. युक्ती म्हणून उत्तमच. फक्त तिच्यात एक गृहीतक आहे : समोर विंडोजच असणार.

लिनक्सने त्या सीडीकडे पाहिलं, ‘बरं, सीडी आहे’ म्हणाला आणि गप्प बसला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

यावरचा तोडगा ऐकून मी हसलो. यूएसबी मोडस्विच नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो अडॅप्टरला हुकूम सोडतो, ‘सीडी बाहेर काढ.’ जी सीडी नाहीच ती बाहेर काढायची! पण हुकूम मिळताच निळा दिवा एकदा विझला, पुन्हा लागला, आणि हजेरीतली ती ओळ बदलली. पहिला आकडा तोच, दुसऱ्यातली अक्षरं वेगळी, आणि सीडी-रॉमच्या जागी वायरलेस अडॅप्टर. दुसऱ्या पायरीवर ‘हो’ मिळालं.

तिसरीवर पुन्हा ‘नाही’. अडॅप्टर दिसत होता, ओळखू येत होता, पण त्याच्याशी बोलणारं आत कुणी नव्हतं. म्हणजे ड्रायव्हर नव्हता.

ड्रायव्हर म्हणजे त्या चिपविषयीची माहितीच. कुठल्या कप्प्यात कुठला आकडा ठेवला की ती चॅनेल बदलते, कशाने तिचा आवाज वाढतो, काय विचारलं की काय उत्तर देते. ही माहिती कंपनीजवळ असते. विंडोजसाठी ती कंपनी स्वतः ड्रायव्हर लिहून देते, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. लिनक्ससाठी काही कंपन्या देतात, काही अर्धवट देतात, काही देत नाहीत. आणि हे दुखणं जुनं आहे. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की छपाईसाठी थांबलेल्यांना तसा निरोप जाईल अशी सोय तिथेच काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी करून ठेवली होती. नव्यात ती करायला त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर हवा होता आणि तो मिळाला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मूळ मजकूर सगळ्यांना खुला ठेवणारा ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या कारणांत हा अडलेला प्रिंटर ते स्वतः सांगत आले आहेत.

वायफायच्या वाट्याला तीच कथा आली. २००५च्या आसपास ब्रॉडकॉमच्या चिप कितीतरी लॅपटॉपांत होत्या आणि त्यांच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता. काही स्वयंसेवकांनी तो लिहायचं ठरवलं, पण नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून कामाची विभागणी केली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून बघायचा आणि चिप कशी वागते याचं साध्या भाषेत वर्णन लिहायचं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही पाहायचं नाही. फक्त ते वर्णन वाचून आपला ड्रायव्हर लिहायचा. मध्ये भिंत. चोरी नको म्हणून एवढं सोवळं पाळणारी माणसं, आणि हे सगळं कशासाठी, तर कुणाच्या तरी लॅपटॉपला वायफाय मिळावं म्हणून.

या खटपटीत पुढे बराच काळ एक नाव सतत दिसतं : लॅरी फिंगर. पेशाने ते खनिजशास्त्रज्ञ. स्फटिकांची अंतर्गत रचना शोधण्यात त्यांची हयात गेली. एल साल्वाडोरमधल्या एका ज्वालामुखीत सापडलेल्या तांबं आणि व्हॅनेडियमच्या दुर्मीळ खनिजाला त्यांच्या नावावरून ‘फिंगराइट’ म्हणतात. निवृत्तीच्या वयात ते लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांच्या मागे लागले आणि सुटले नाहीत. ड्रायव्हर लिहिणं, दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करणं, आणि माझ्यासारख्यांच्या ‘दिसत नाही हो’ या तक्रारींना उत्तरं देणं. २१ जून २०२४ ला, वयाच्या ८४व्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नीने ही बातमी लिनक्सच्या वायफायवर काम करणाऱ्यांना कळवली तेव्हा जगभरच्या ज्यांच्या यंत्रांत त्यांचा मजकूर रोज चालत होता, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं असणार. स्फटिकाची रचना डोळ्यांना दिसत नाही; क्ष-किरण त्यावर आदळून कसे विखुरतात यावरून ती ताडावी लागते. बंद चिपचंही तसंच. तिला काहीतरी विचारायचं, ती काय परत पाठवते ते टिपायचं आणि आत काय असेल याचा अंदाज बांधत जायचं. त्यांना हे काम परकं वाटलं नसावं.

तरी एक मामला स्वयंसेवकांच्याही हातात नसतो. चिपच्या आत चालणारा फर्मवेअर नावाचा मजकूर बहुधा कंपनीचाच, बंद स्वरूपात मिळतो. डेबियन या जुन्या आणि तत्त्वनिष्ठ लिनक्सने वर्षानुवर्षं तो आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतला नाही. तत्त्व चोख राहिलं, पण नवा माणूस इन्स्टॉल करायला बसायचा आणि वायफाय नाही म्हणून अडून राहायचा. अखेर २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून तो घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून तो आत आला. हरलं कोण, जिंकलं कोण, मला ठरवता येत नाही. मतदान घेऊन तत्त्वाला मुरड घालणारे लोक मला तत्त्व मिरवणाऱ्यांपेक्षा जवळचे वाटतात, एवढं खरं.

माझ्या अडॅप्टरसाठीही कुणीतरी लिहिलेला ड्रायव्हर होता. तो इंटरनेटवर होता आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय मिळणार नव्हतं. मी शहाणपणाने विंडोजमध्ये गेलो, फाइल उतरवून घेतली, विंडोज बंद केलं, लिनक्स उघडलं आणि विंडोजची डिस्क उघडायला गेलो, तर तिने दार उघडेना. संदेश असा की विंडोज झोपलेलं आहे, त्याला आधी नीट बंद करा.

मी तर ‘शट डाउन’ करून आलो होतो! भाचा म्हणाला, “मामा, ते शट डाउन म्हणजे शट डाउन नसतं.” विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. बंद करा म्हटलं की विंडोज तुमची कामं आवरतं, पण स्वतःचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर गोठवून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उठता येतं. ‘रीस्टार्ट’ म्हटलं तरच ते खरोखर संपूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतं. दिवसपाळीवाला कामावर गेलाय असं समजून रातपाळीवाला खोलीत यावा, आणि ट्रंकेला कुलूप, वळकटी तशीच, कोपऱ्यात हा डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेला!

फाइल मग मोबाइलवरून आणली. मोबाइल तारेने जोडला आणि त्याचंच इंटरनेट संगणकाला दिलं. त्यासाठी लिनक्सला काही शिकवावं लागलं नाही. ड्रायव्हर बांधून झाला, अडॅप्टर काढून पुन्हा लावला, आणि जाळ्यांची यादी आली. आमचं, वरच्यांचं, समोरच्या क्लासचं, आणि कुणीतरी गमतीने ठेवलेलं एक नाव. निळा दिवा लुकलुकू लागला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण काही सकाळी वायफाय लागायचं, काही सकाळी नाही. सतत बंद असलेलं यंत्र परवडलं. मर्जीप्रमाणे वागणारं परवडत नाही. अशा वेळी माणूस दैवाकडे वळतो. मी वहीकडे वळलो. आदल्या दिवशी शेवटी कोण चालू होतं, कसं बंद केलं, रात्री काय झालं. उत्तर त्या तिसऱ्या रकान्यात निघालं. आमच्याकडे रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाची बटणं बंद करायची पद्धत आहे, पण ती पाळली जातेच असं नाही. ज्या रात्री बटण बंद झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी लिनक्समध्ये वायफाय हमखास. ज्या रात्री विंडोज बंद करून बटण तसंच राहिलं त्याच्या सकाळी हमखास नाही. एका रात्री अंधारात जाऊन पाहिलं : संगणक बंद, पंखा बंद, पण अडॅप्टरचा निळा दिवा लागलेलाच.

डेस्कटॉप बंद असला तरी बोर्डाचं बटण चालू असेपर्यंत त्याच्या काही यूएसबीच्या भोकांना वीज मिळत राहते. विंडोजने अडॅप्टरला ज्या अवस्थेत सोडलं त्याच अवस्थेत तो रात्रभर बसून राहायचा. सकाळी लिनक्स येऊन त्याच्याशी पहिल्यापासून बोलायला लागायचा आणि तो मधूनच सुरू झालेल्या संभाषणातला असल्यासारखा गोंधळून गप्प व्हायचा. बटण बंद केलं की त्याची स्मृती पुसली जायची, मग बोलणं जमायचं. विंडोजमधली फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकली. डिस्कही उघडू लागली, वायफायही रुळावर आलं. घड्याळाचा गोंधळ त्याच सुमारास मिटवला. पेटीतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स ती ग्रीनिचची समजून तिच्यात साडेपाच तास मिळवतं. इंटरनेट नसेल तर चूक सुधारायला कुणी नाही, म्हणून सकाळी दहा वाजता दुपारचे साडेतीन. भारतात पडद्यावरचं घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलं तर ते बिघडलंय असं कुणी समजू नये.

वेग कमी मिळत होता, त्याचं कारण मात्र चटकन सापडलं. यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा रेडिओ-गोंगाट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच ते मोजून छापलेलं आहे. अडॅप्टर हातभर वायर लावून पेटीपासून दूर नेला, सुधारणा झाली.

पुढे लिनक्सची नवी आवृत्ती घेतली तेव्हा माझ्या चिपचा ड्रायव्हर गाभ्यातच आलेला होता. मी बांधलेला काढून टाकला. आता कुणी हाच अडॅप्टर आणून नव्या लिनक्सला लावील, वायफाय लागेल, आणि त्यामागे किती जणांची खटपट आहे हे त्याला कळणारही नाही. ज्यांनी खटपट केली त्यांचा बेतही तोच असतो. पण त्यामुळे आपल्याला असं वाटत राहतं की चालणं हा वस्तूचा अंगचा गुण आहे. तो तसा नसतो. वस्तू आणि जागा यांच्यामध्ये बसून कुणीतरी बोलणं जुळवलेलं असतं. जिथे चालतं तिथे तो माणूस दिसत नाही. जिथे अडतं तिथे तो अजून यायचा असतो.

भाचा म्हणतो, जुने लेख युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि विंडोज काढून टाका, जागा तरी मोकळी होईल. लेख मी बदलून घेतो आहे. विंडोज काढणार नाही. एकच जागा असली की जे तिथे चाललं नाही ते टाकाऊ ठरवायला वेळ लागत नाही, मग तो अडॅप्टर असो, वर्गातला एखादा पोरगा असो की नव्या नोकरीत बिचकलेला माणूस. पुढच्या वेळी काही अडलं तर निकाल देण्याआधी ते दुसरीकडे लावून बघायची सोय मला हाताशी हवी आहे. त्यासाठी डिस्कवरची थोडी जागा गेली तर गेली.